इसालेचं पान

आठवडाभर मी दोन्ही हात भरलेले ठेवूनच गावात फिरत होते. कधी गवताचा भारा, कधी केळीचा घड, काहीच नसलं तर कुदळ. कारण माझा धाकटा दीर अमिनिएल इसालेचं पान घेऊन माझ्या मागे लागला होता.

आमच्या पहाडावर घराघराला इसालेच्या झुडपांचं कुंपण असतं. ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे इसालेचं लांब हिरवं पान गाठ मारून न्यायचं आणि हातात द्यायचं. पान हातात पडलं की माफ करावंच लागतं, मग समोर बापाचा मारेकरी का असेना. शिवाय ती गोष्ट पुन्हा कधी उकरून काढायची नाही. मात्र पान हातातच पडायला हवं, दारात ठेवलेलं चालत नाही. माझ्या दारात त्यानं तीन ठेवली. तिन्ही मी झाडूनं पाटात लोटून दिली.

मला माफ करायचंच नव्हतं. निदान शनिवारपर्यंत तरी नाही. शनिवारी दुपारी चारला कमिटी बसणार होती आणि धबधब्याच्या वाटेवरच्या गाईडांची नवी यादी वाचली जाणार होती. यादीत सगळ्यात वर अमिनिएलचं नाव, मुख्य गाईड म्हणून. माझं नाव कुठेच नव्हतं. मी तिथं उभी राहून ओरडणार होते, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलमधली गोष्ट. पावसानं नदी चढली होती. ओंडक्याच्या साकवाला पाणी लागलेलं पाहून मी माझे पाहुणे वरूनच परत फिरवले. वाटेत अमिनिएल त्याचे पाहुणे घेऊन येताना भेटला. म्हटलं, "भावजी, नको नेऊस. साकव शेवाळलाय."

"वहिनी, तू भित्री आहेस," तो म्हणाला. "लोक इतक्या लांबून काय केळी बघायला आलेत?"

अर्ध्या तासानं किंकाळी ऐकू आली. माझे पाहुणे तिथंच बसवून मी धावत खाली गेले. दूर इरिंगाहून आलेला एक मास्तर साकवावरून दगडांत पडला होता. पाय गुडघ्याखाली मोडलेला, शुद्ध नाही. अमिनिएल काठावर नुसता उभा होता. मी मास्तरला पाठीवर घेऊन ती सगळी चढण चढले. वर गाव जमलं, तेव्हा माणूस माझ्या पाठीवर होता, म्हणून चूकही माझीच ठरली. अमिनिएल सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनीचे पाहुणे. मी सांगत होतो तिला, नको नेऊस." मला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. मास्तरला मोशीच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो घरी गेला. कुणी त्याला विचारलं नाही, बाकीचे पाहुणेही निघून गेले होते. माझा गाईडचा बिल्ला मात्र कमिटीनं काढून घेतला.

नवरा म्हणाला, "घरातलं आहे, झाकून ठेव." सासूही तेच म्हणाली. झाका झाका! ज्या वाटेवर मी लोकांना हात धरून न्यायचे, त्याच वाटेवर चार महिने मी पायऱ्या खणत होते आणि अमिनिएल पाहुण्यांना घेऊन मला ओलांडून जात होता. साळसूद चेहऱ्यानं म्हणायचा, "सांभाळून हं, या वहिनींनी पायरी ओली केलीय." तळपायाची आग मस्तकात जायची.

शनिवार उजाडला. सकाळीच मी साकवापलीकडच्या पायऱ्या नीट करायला गेले. वरच्या अंगाला न्देसारियो आजोबा, आमचे पाटकरी, पाटाचं दार उघडून पाणी केळीकडे सोडत बसले होते.

"आज कुदळ फार घट्ट धरलीयस गं, एलिनामी," ते म्हणाले.

"आज चारपर्यंत हात मोकळा करायचा नाही, आजोबा."

ते दात नसलेल्या तोंडानं हसले. सगळ्या गावाला माझी पळापळ दिसत होती. फक्त कशावरून ते कुणाला माहीत नव्हतं. अमिनिएलनं पसरवलं होतं की केळीच्या बांधावरून आमचं वाजलंय.

तेवढ्यात समोरून तो आला. सोबत एकच पाहुणी होती, म्वाजुमा नावाची, डोडोमाची नर्स. अंगानं थोराड, पायात नवे बूट. अमिनिएलनं तिला पुढे घातलं आणि स्वतः मागे थांबला. साकवावर गाईडनं आधी जायचं असतं, पलीकडून हात द्यायचा असतो. पोरासोरांनाही कळतं ते. मी ओरडले, "तू आधी ये!" तो ढिम्म उभा राहिला.

बाई मधोमध आली आणि तिचा पाय सरकला. मी कुदळ फेकली, पुढे होऊन तिचा हात मनगटापाशी घट्ट पकडला आणि तिला काठावर ओढून घेतलं. ती धापा टाकत हसली. मग तिनं मूठ उघडून माझ्या तळहातावर काहीतरी दाबलं. "हे तुमच्यासाठी. ते म्हणाले, पलीकडे एक बाई भेटेल, तिच्या हातात द्या, आमच्याकडची रीत आहे."

गाठ मारलेलं इसालेचं पान होतं ते.

माझ्या कानशिलात रक्त उसळलं. पान मिळाल्याचा राग नव्हता तो. एका परक्या बाईला त्यानं घसरड्या लाकडावर एकटं सोडलं, कारण मी हात पुढे करणार याची त्याला खात्री होती. एप्रिलमध्येही तीच खात्री होती. माझ्या हाताच्या भरवशावर हा माणूस लोकांचे पाय मोडत होता!

तो आता ऐटीत साकव ओलांडून आला. "आजोबा, बघितलंत ना? घेतलं वहिनीनं."

"घेतलं खरं," आजोबा म्हणाले.

"माफ केलं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? रीत ती रीत. पण शब्द कडू औषधासारखे बाहेर आले.

म्वाजुमा आमच्या तोंडांकडे बघत राहिली. "म्हणजे हे माफीचं पान आहे? मला वाटलं, फुलासारखं काहीतरी." मग ती अगदी साधेपणानं अमिनिएलकडे वळली. "मग तुम्ही काय केलं होतं?"

अमिनिएल हसला. "घरचं आहे हो. चला, धबधब्याला उशीर होतोय."

पण आजोबा हसले नाहीत. पाटाच्या दारावर हात ठेवून ते त्याच्याकडे एकटक बघत राहिले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूर्ख बाई, आठवडाभर तू पळत कशापासून होतीस?

चार वाजता कॉफीच्या गोदामात कमिटी बसली. शोसेबाई अध्यक्ष. यादी वाचायला त्यांनी चष्मा लावला. मी उठले, पान त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"एलिनामी, आज तमाशा नको हं," शोसेबाई म्हणाल्या.

"नाही करत. हे पान आज साकवावर अमिनिएलनं मला पाठवलं. न्देसारियो आजोबा साक्षीला आहेत. मी माफ केलंय, आता त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. रीत मला कळते. तुम्हाला विचारायचं असेल तर त्याला विचारा."

गोदामातल्या सगळ्या माना अमिनिएलकडे वळल्या. चूक नसताना इसाले देणारा माणूस आमच्या पहाडावर अजून जन्मलेला नाही. तसं कुणी केलंच, तर त्याच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पिणार नाही.

शोसेबाईंनी चष्मा काढला. "कशाबद्दल रे, अमिनिएल?"

"ते... केळीच्या बांधाचं," तो पुटपुटला.

"बांधाची माफी साकवावर मागितलीस?" आजोबा मागून गरजले. "पानाला हात लाव आणि पुन्हा सांग."

त्यानं हात पुढे केला, पण पानापर्यंत नेला नाही. इसालेला हात लावून खोटं बोलायचं नसतं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तो मास्तर माझा पाहुणा होता. वहिनीनं अडवलं होतं मला."

शोसेबाईंनी यादीवरच्या पहिल्या नावावर काट मारली. टेबलाच्या खणातून माझा बिल्ला काढून माझ्यासमोर सरकवला. मला वाटलं होतं, त्या क्षणी बरं वाटेल. कसलं बरं? राग अजून उतरला नव्हता, बिल्ल्याची पिन लागेना.

बाहेर पडताना अमिनिएल दारात आडवा आला. डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, माफ केलंयस ना गं? खरंच?"

"केलंय. माझ्यापुरतं संपलं," मी म्हणाले आणि कुंपणाकडे बोट दाखवलं. "आता दुसरं पान तोड. इरिंगाला एक मास्तर लंगडत शाळेत जातोय. आणि ते कुणाच्या हातून पाठवू नकोस, स्वतः ने."