थॉर्नलीची पेनी

क्लिफर्डने खिशातली पेनी एकदा चाचपली आणि मगच व्हर्ननच्या कपाटाचा पहिला कप्पा ओढला. उथळ कप्पा, त्यात गोल खोबणी. प्रत्येक खोबणीत एक जुनं नाणं आणि त्याखाली व्हर्ननच्या हातची कागदी चकती. नाणं कुठलं, कधी मिळालं, कुणाकडून, सगळं त्या चकतीवर.

"लिलाववाले सोमवारी येतायत," व्हर्ननची बायको एडना म्हणाली. "तेवढी यादी तपासून दे रे बाबा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चाळीस वर्षं नुसती धूळ पुसली मी या कपाटावरची."

ती चहा करायला आत गेली. व्हर्ननला पुरून अठरा दिवस झाले होते. क्लिफर्डला वाटलं, आता पेनी कुठल्यातरी मोकळ्या खोबणीत ठेवायची, कप्पा लोटायचा आणि सुटायचं.

पेनी थॉर्नलीच्या गिरणीची, १८१२ सालची. तेव्हा सुट्ट्या पैशांची इतकी चणचण होती की गिरणीमालक स्वतःचीच तांब्याची नाणी पाडून पगार भागवत. व्हर्ननचे खापरपणजोबा त्या गिरणीत विणकर होते, त्यांच्या पगारातली ही एक पेनी घरात जपून राहिली होती. तेवीस वर्षांपूर्वी व्हर्ननने ती मोठ्या हौसेने दाखवायला आणली. क्लिफर्ड तर कितीतरी वर्षं तिच्या मागावर होता.

त्याने भिंग लावलं. कड स्वच्छ होती. तरी तो म्हणाला, "कडेला सांध्याची रेघ आहे रे. साच्यात ओतलंय. मागाहून केलेली नक्कल."

वर उपकार केल्यासारखा म्हणाला, "माझ्या नकली नाण्यांच्या कप्प्यात राहील. बदल्यात माझा ब्रिस्टलचा चांदीचा शिलिंग घे."

व्हर्ननने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे असेल."

त्यानंतरही दर गुरुवारी दोघं भेटत राहिले. व्हर्नन एकेक कप्पा उघडून दाखवायचा, चौथा मात्र कधीच नाही. दुसऱ्याच्या कपाटाला आपण हात लावायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. क्लिफर्डला वाटायचं, काहीतरी दुर्मीळ दडवून ठेवलंय पठ्ठ्याने. आणि त्याचा त्याला चक्क राग यायचा! आपण काय केलंय हे ठाऊक असूनही.

आज त्याने चौथा कप्पा ओढला. सगळी यॉर्कशायरच्या गिरण्यांची नाणी, ओळीने. मधोमध एक खोबण रिकामी होती. तिच्यात नुसती चकती, कडा पिवळ्या पडलेली.

'थॉर्नली, १८१२. खापरपणजोबांची. अस्सल. क्लिफर्डकडे आहे. आणून देईल.'

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तीच होती.

एडना चहा आणि आल्याचा केक घेऊन आली. तिने कप्प्यात डोकावून पाहिलं.

"ती रिकामी जागा ना? मी म्हणायची, तो चांदीचा शिलिंग तरी ठेव तिथे, बरा दिसेल. तर नाही. म्हणे, राखून ठेवलीय."

"कुणासाठी, ते बोलला नाही?"

"तो कसला बोलतोय! चहा घे, निवतोय." तिने केकचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. "शेवटी शेवटी तर गुरुवार आला की सकाळपासून एकच धोशा, क्लिफर्ड आला का? आणि तू आलास की आधी तुझ्या हातांकडे बघायचा. मला वाटायचं, द्राक्षं आणलीस का बघतोय. लहान पोरासारखा झाला होता."

दर गुरुवारी द्राक्षंच होती त्याच्या हातात. क्लिफर्डला ती कागदाची पिशवी आठवली, आणि ती घेताना व्हर्नन मनापासून 'थँक्स' म्हणायचा, तेही आठवलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने पेनी खिशातून काढली. ती खोबणीत ठेवली असती तर चकती झाकली गेली असती आणि अक्षरं कुणाला दिसली नसती. एडना किटली उचलायला वळली होती. हात खोबणीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

पेनी त्याने टेबलावर, तिच्या कपाजवळ ठेवली.

"अगोबाई, ही कुठे सापडली?"

"एडना, बस जरा," क्लिफर्ड म्हणाला. "हिच्या कडेला रेघ नव्हती."