हेल्काचा शब्द

हेलसिंकीच्या भाषा संस्थेतून योन्ना नावाची मुलगी येणार म्हणून तुओमो कार्लेलानं कॉफीचे चांगले कप आदल्या दिवशीच धुऊन ठेवले होते. सकाळी ते त्यानं पुन्हा धुतले. विद्यापीठाच्या संगणकघरातून निवृत्त झाल्यापासून औलूतल्या या घरी त्याला काही विचारायला कुणी आलं नव्हतं.

योन्नानं दारात बूट काढले, वेलचीचा गोड पाव दोन घासांत संपवला आणि ती थेट विषयावर आली.

"किकु. हल्ली शाळेतली पोरंसुद्धा लिहितात. मी निघालो, वाट बघू नका, असं सांगायचं असलं की किकु. हा शब्द पहिल्यांदा कुणी लिहिला, ते आम्हाला कोशात नोंदवायचंय. जाहिरातीतले एक गृहस्थ म्हणतात, मीच, सत्त्याण्णव साली. मुलाखतीही देऊन मोकळे झालेत."

"सत्त्याण्णव? अहो, आम्ही ब्याण्णवपासून…" एवढं बोलून तुओमोनं जीभ चावली.

"तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

"शोधावं लागेल. सापडेलच असं नाही."

हे खोटं होतं. कागद कुठल्या खोक्यात आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"सोमवारी सकाळची गाडी आहे माझी," योन्ना म्हणाली. "तोवर मिळालं तर बघा. नाहीतर त्यांचंच नाव छापून जाईल."

ती गेल्यावर त्यानं खोकं खाली काढलं. कडेला भोकं असलेले ते लांबच लांब कागद पिवळे पडले होते. तेव्हा संगणकावरच्या गप्पांच्या त्या चॅनेलवर बारा-पंधराच जण असत. टेलिफोनची लाइन इतकी संथ, की अक्षरं थांबून थांबून पडद्यावर उतरत. म्हणून जो तो शब्द तोडून लिहायचा. खरं नाव विचारणं असभ्य वाटे. तुओमो तिथे पोल्लो होता, म्हणजे घुबड. रोवानिएमीची हेल्का वानहाला तेवढी स्वतःचं नाव लिहायची, आडनावासकट.

शनिवारी दुपारपासून एकेक जण सौनासाठी, म्हणजे वाफेच्या आंघोळीसाठी, उठे. 'किउआस कुत्सू', शेगडी बोलावतेय, एवढं लांबलचक लिहायचा हेल्काला कंटाळा आला. तिनं दोन्ही शब्दांची फक्त डोकी ठेवली. महिन्याभरात अख्खं चॅनेल किकु म्हणायला लागलं.

चॅनेलवर जो हजर असेल, त्यालाच ओळी दिसत. निघून गेलेल्याच्या नावानं काही शिल्लक राहत नसे. म्हणून शहाणी माणसं पडद्यावरची खिडकी उघडी ठेवून आंघोळीला जात आणि परतल्यावर राहिलेलं वाचत. तुओमो तर दर शनिवारच्या गप्पा गुपचूप छापून ठेवायचा.

ब्याण्णवच्या सहा जूनचं पान त्यानं टेबलावर पसरलं. तिनं पहिल्यांदा किकु लिहिलं ते याच पानावर. आणि बरोबर त्याच्या वरची ओळ पोल्लोची होती: 'मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तुझ्याकडे आलो तर चालेल?' खाली हेल्काचं ते एकच उत्तर, किकु. त्याखाली यंत्राची नोंद, पोल्लो निघून गेला. पुढे कागद कोरा होता.

वरची ओळ कात्रीनं उडवता आली असती. पण कापलेला कागद पुरावा होत नाही, हे त्यानंच जन्मभर विद्यार्थ्यांना बजावलं होतं. शिवाय तिला न विचारता पान द्यायचं कसं? रविवारी दुपारी, चार वेळा फोन हातात घेऊन खाली ठेवल्यावर, त्यानं चौकशी करून मिळवलेला नंबर फिरवला.

"हेल्का वानहाला का? मी… औलूहून. पोल्लो."

पलीकडून एकदम, "घुबडा! मेल्या, जिवंत आहेस होय!"

त्यानं अडखळत सगळं सांगितलं. जाहिरातवाल्याचं ऐकून ती खदखदून हसली. "शब्द माझा आणि मिरवतोय हा बाबा!"

"पण पानावर माझी पण एक ओळ आहे," तो म्हणाला. "वाचतो. मग तूच सांग."

त्यानं वाचली.

"लाकडं खरंच पेटली होती रे त्या दिवशी," हेल्का म्हणाली. "आई हाका मारत होती. तासाभरानं ओल्या केसांनी परत आले आणि लिहिलं, ये, बोटीतून फिरवते. तीनदा लिहिलं. तू नव्हतासच. शनिवारी खिडकी बंद करून कोण जातं?"

"मला वाटलं, तू टाळलंस."

"वाटलं म्हणे! पुढच्या शनिवारी विचारायचंस की."

"धीर नाही झाला."

"आणि मला वाटलं, थट्टा करून पळाला. दोन वर्षांनी मग आर्तो भेटला. चांगला आहे. इथंच बसलाय, कान टवकारून."

मागून पुरुषी आवाज आला, "घुबडाला नमस्कार सांग. आणि म्हणावं, कॉफी निवतेय!"

तुओमोला हसू आलं, आणि ते आपल्याला आलं याचं नवलही वाटलं.

"कापू नकोस हं," हेल्का म्हणाली. "अख्खं पान दे. शब्द माझा असला तरी तुझ्या प्रश्नामागून आलाय तो."

सोमवारी योन्ना दारातच उभी राहून पान वाचायला लागली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे पोल्लो कोण? सापडतील का हो?"

तुओमोचे कान लाल झाले. "मी," तो म्हणाला. "आणि खाली हेही लिहा, की ती तासाभरानं परत आली होती. ते कागदावर नाहीये."

"कोशात एवढं बसत नाही हो," योन्ना हळूच म्हणाली.

"तरी लिहा."

तिनं पान भिंतीला टेकवलं आणि दातांनी पेनाचं टोपण काढलं.