शिक्क्यांचा न्याय

वाचनालयात झेरॉक्सचं यंत्र येणार होतं, म्हणून एक कपाट जाणार होतं. कोणतं, ते ग्रंथपालाने ठरवायचं होतं: विज्ञानकथांवरच्या अभ्यासग्रंथांचं की कॉमिक्सचं.

ग्रंथपाल न्यायी माणूस. त्याने नियम काढला, ज्या पुस्तकांच्या चिठ्ठीवर घरी नेल्याच्या तारखेचे शिक्के कमी, ती रद्दीत. अभ्यासग्रंथांवर शिक्केच शिक्के होते. असणारच. वाचनालयाला वजन त्यांच्यामुळेच येतं असं त्याचं मत, आणि कोणी नेत नाही म्हणून वर्षानुवर्षं तोच ते स्वतःच्या नावावर घरी नेई आणि पंधरा दिवसांनी मुकाट परत आणी. कॉमिक्सच्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. त्याही असणारच. 'फाटतात, घरी द्यायची नाहीत' हा नियमही त्याचाच.

"साहेब, एक बोलू?" झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "ग्रंथांचं कपाट मला रोज पुसावं लागतं. कॉमिक्सवर धूळ बसायला सवडच मिळत नाही."

"मावशी, धुळीवर कारभार चालत नाही. कागद लागतो."

"बरं. मग ते रोज कॉमिक्स वाचायला येतात ना, त्या घड्याळजींना कागदच दाखवा."

कॉमिक्स गेली. यंत्र आलं.

चारच्या ठोक्याला घड्याळजी आले. घड्याळदुरुस्तीचं दुकान भाच्यावर सोपवल्यापासून ते रोज याच वेळी येत, डोळ्याला भिंग लावून कॉमिक्स वाचत आणि स्वतःशीच खुदूखुदू हसत. यंत्र पाहून त्यांनी आधी भिंग पुसलं.

"आमचा अंतराळवीर कुठे गेला हो? काल त्यानं दाराला हात घातला, तेवढ्यात तुमची बंद करायची वेळ झाली. आत काय होतं?"

ग्रंथपालाला ठाऊक नव्हतं. त्याने एक जाडजूड ग्रंथ काढला. "यात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे."

उघडताना बांधणी कडकन वाजली. चिठ्ठीवर अकरा शिक्के होते, पण ग्रंथ उघडला तो आजच.

प्रकरणात चित्र एकच, टपाल तिकिटाएवढं: अंतराळवीर, दारावर हात. पुढची चाळीस पानं त्या हाताचा अर्थ. दार काही उघडलं नाही.

"मोठी विद्वान माणसं," घड्याळजी आदराने म्हणाले, आणि ग्रंथ दोन्ही हातांनी परत देऊन गेले.

ग्रंथपाल धावतपळत रद्दीवाल्याकडे पोचला. गठ्ठे दुपारीच कागद गिरणीकडे गेले होते.

घड्याळजी पुन्हा आले नाहीत. हल्ली चार वाजले की ग्रंथपाल उगाच दाराकडे बघतो. मावशी आधी ग्रंथांचं कपाट पुसतात, मग यंत्र.