एकशे अठरा हरकती

दोन मजल्यांच्या वर काही चढू द्यायचं नाही, यावर अख्ख्या रस्त्याचं एकमत झालं. कचऱ्याचा डबा कोणाच्या फाटकासमोर ठेवायचा यावर या रस्त्याचं कधी एकमत झालं नव्हतं, तेव्हा स्टोअरकीपरला तिथेच शंका यायला हवी होती. आली नाही. तो मोजण्यात गुंतला होता.

औषधांच्या गोदामात त्याने एकतीस वर्षं आलेला आणि गेलेला माल लिहिला होता. निवृत्त झाला, पण नाव काही निवृत्त झालं नाही. त्रेचाळीस घरांच्या रहिवासी संघाने त्याला सचिव केलं ते अशासाठी, की सभेला किती जण आले हे तो खरं सांगे आणि किती जण चहापुरते आले हेही सांगे.

नगररचना कार्यालयाची नोटीस आली: या रस्त्याचा झोन बदलून आठ मजल्यांना परवानगी देण्याचा विचार आहे, हरकती असल्यास महिन्याभरात कळवाव्यात. कोणाला उन्हाची काळजी लागली, कोणाला पाण्याची, कोणाला वरून खाली डोकावणाऱ्यांची. स्टोअरकीपरची काळजी घराच्या मागच्या बाजूला राहत होती. त्याची थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन आली आणि नऊ वर्षं गॅरेजमध्ये राहत होती. गॅरेजला त्याने खिडकी पाडली, मोरी केली, ओटा बांधला. कागदावर मात्र तिथे अजूनही गाडी उभी होती. उद्या बिल्डरने घरं पाडली तर कागदावरच्या माणसांना फ्लॅट मिळणार. गाडीला कोण फ्लॅट देतो? आणि ताईला आपल्यात घ्यावं म्हटलं, तर बायकोचं आणि ताईचं उत्तम जमत होतं ते मध्ये अंगण होतं म्हणून.

नोटिशीच्या पहिल्याच पानावर त्याला वाट सापडली. एका कुटुंबाची एक हरकत धरली जाईल, आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असलेलं बिऱ्हाड म्हणजे एक कुटुंब.

"त्रेचाळीस घरं म्हणजे त्रेचाळीस हरकती, असं कार्यालय समजून बसलंय," त्याने संघाच्या सभेत सांगितलं. "पण आपल्याकडे खरी बिऱ्हाडं किती?"

सभा जरा खाकरली. इतकी वर्षं ज्या खोल्यांना सगळे 'अडगळ' म्हणत, ज्यांच्या भाडेकरूंना 'गावाकडचा भाचा' म्हणत, त्या खोल्या एकेक करून उजेडात आल्या. दातांच्या डॉक्टरने आधी स्वतःचं धरून दोन बिऱ्हाडं सांगितली, मग समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईंनी तीन सांगितली तेव्हा त्याला आणखी दोन आठवली. एकूण एकशे अठरा. स्टोअरकीपरने स्वतः फॉर्म भरून घेतले. ताईचा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला: मागील बाजूस स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र स्वयंपाकघर. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती कुठेतरी राहते असं लिहिलं गेलं. तिने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "अक्षर बरं काढलंस."

सुनावणी कार्यालयाच्या सभागृहात, सकाळी दहाला होती. अख्खा रस्ता इस्त्रीचे कपडे घालून आला. समोर अधिकारी बाई, आवाज इतका मऊ की मागच्यांनी आपणहून गप्प बसावं. त्यांच्या शेजारी फळ्यावर रस्त्याचा नकाशा आणि नकाशापाशी टाचण्यांची डबी घेऊन एक कारकून.

"डॉक्टर, चारही फॉर्म तुमच्याच घरातले?"

"चारही, मॅडम. आणि चौघंही सारखेच संतापलेले आहेत."

हशा पिकला. बाईही हसल्या. "स्वयंपाकघरं मात्र वेगळी?"

"वेगळी म्हणजे? मीठसुद्धा उसनं देत नाहीत एकमेकांना."

"छान," बाई म्हणाल्या. कारकुनाने डॉक्टरच्या घरावर चार लाल टाचण्या टोचल्या.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईंनी रहदारीवर लांबलचक टिपण आणलं होतं. "ते ठेवा इथे," अधिकारी बाई म्हणाल्या. "मागच्या खोलीत गॅस आहे ना?" तीन टाचण्या.

पाचव्या-सहाव्या घरानंतर स्टोअरकीपरच्या लक्षात आलं, की हरकत काय आहे हे बाई विचारतच नाहीत. विचारतात ते फक्त चुलीचं. नकाशावरचा रस्ता गोवर आल्यासारखा लाल होत चालला होता. नोटिशीची पाठची बाजू त्याने वाचली होती; तिथे एक नियम होता, पण तो आपल्याला लागूच होत नाही म्हणून त्याने सोडून दिला होता. आपण आत आणलेला माल शिलकेत धरला जातो, हे एकतीस वर्षं रोज लिहिणारा माणूस नेमका या वेळी विसरला होता.

बाईंनी तोच नियम वाचून दाखवला. ज्या रस्त्यावर दर घरी सरासरी दोनपेक्षा जास्त कुटुंबं, तो रस्ता दाट वस्तीचा. दाट वस्तीला दोन मजल्यांची मर्यादा नाही आणि तिथे हरकतीही विचारात घेत नाहीत. "आमच्या दप्तरी तुम्ही त्रेचाळीस होता," बाई म्हणाल्या. "खरी माहिती दिलीत, त्याबद्दल आभार."



"चुकून लिहिलं गेलं असेल तर?" डॉक्टरने विचारलं.

"तर इथे सही करून फॉर्म मागे घ्या. अर्धा तास आहे. मागे घेतलेल्या खोल्या आमची माणसं उद्या सकाळी पाहतील. बिऱ्हाड नाही म्हणून लिहून दिलंत आणि आत शेगडी किंवा अंथरूण सापडलं, तर खोलीला सील."

स्टोअरकीपरने गणित केलं. दोनदा त्रेचाळीस म्हणजे शहाऐंशी. बत्तीस फॉर्म मागे घेतले, की रस्ता वाचतो. बत्तीस म्हणजे काही फार नाहीत. एवढ्यात त्याला जाणवलं, की सगळे त्याच्याकडे बघताहेत.

"सचिव, भरायला तुम्ही लावलेत," डॉक्टर म्हणाला. "सुरुवात तुमच्यापासून."

"एकाने केली की बाकीचे करतीलच हो," ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई म्हणाल्या. "गाडी काय ती पहिल्या गिअरलाच अडते."

त्याने मागे वळून पाहिलं. ताई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी धरून बसली होती. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मोजणारा तू."

त्याने ताईचा फॉर्म मागे घेतल्याची सही केली. कारकुनाने एक टाचणी उपटली. "एकशे सतरा."

पेन डॉक्टरकडे गेलं. डॉक्टरने चष्म्यासाठी चारही खिसे चाचपले. चष्मा नाकावरच होता. वरच्या भाडेकरूला विचारल्याशिवाय बरं दिसणार नाही, म्हणून पेन पुढे गेलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईंना नेमका तेव्हाच फोन आला. पेन रांगेरांगेने फिरलं. कोणी ते गरजेपेक्षा जास्त वेळ हातात धरलं नाही. सव्वीस मिनिटांनी ते टेबलावर परत आलं. बाईंनी टोपण लावलं.

बाहेर पायऱ्यांवर डॉक्टर कोणाला तरी सांगत होता, "आठ मजले म्हटलं तर लिफ्ट येते. आणि चार बिऱ्हाडं लेखी आहेत आता आपली." स्टोअरकीपर जवळ आला तसा तो खोकला.

भाऊ-बहीण घरी आले. गॅरेजमध्ये शिरल्यावर ताईने आधी सिलेंडर बंद केला, मग शेगडीची नळी काढली. पलंगावरची गादी तिने गुंडाळून दोरीने बांधली, शिंपिणीची गाठ, सुटणार नाही अशी. अंगणापलीकडे बायको दारात उभी होती; तिने आत जाऊन आपल्या ओट्यावरचे डबे मागे सरकवायला घेतले. जागा झाली वीतभर.

"मशीन?" ताईने विचारलं.

"मशीनचं काही म्हणाल्या नाहीत त्या."

"म्हणजे मशीन राहिलं तर चालतं."

तिने शेगडीची एक बाजू उचलली.

"धर ती बाजू," ताई म्हणाली. "आणि सांभाळून ने. दोन दिवसांनी परत आणू वगैरे म्हणू नकोस."

तो तेच म्हणणार होता. त्याने शेगडीची दुसरी बाजू धरली.