शिकाऊ बोर्डाची किळस

मी एक जुना, रुंद शिकाऊ बोर्ड आहे. शीड हातात धरून पाण्यावरून वाऱ्यासंगे पळण्याचा खेळ असतो ना, विंडसर्फिंग, त्यातला. मित्रांनो, माझी कहाणी ऐकताना तुम्हाला नाक मुरडावेसे वाटेल. खुशाल मुरडा. मला नाक असते तर मी केव्हाच मुरडले असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात हलका फोम भरला, वरून जाड प्लास्टिकचे कातडे चढवले, पाठीवर पाय घसरू नयेत म्हणून खरखरीत रबर चिकटवले. मध्यावर पाठीपासून पोटापर्यंत आरपार एक लांब, अरुंद खाच ठेवली. त्या खाचेतून एक पाते पाण्यात सोडले की मी डुलत नाही. मला गाडीत चढवताना एक हमाल म्हणाला, "हा बोर्ड आहे की पलंग?" सगळे हसले. मला मात्र ते कौतुकच वाटले, कारण नवशिक्याला पलंगच हवा असतो.

एका मोठ्या तलावाच्या काठी शिकवणीचे केंद्र होते. तिथल्या शिक्षकांना सगळे काका म्हणत. काका बोलायला तुसडे, पण माणसाला पाण्यात घालण्याआधी शंभर गोष्टी पाहणारे. आलेल्याला आधी पोहता येते का ते विचारत. मग त्याचे वजन अंदाजत आणि भिंतीवरचे सर्वांत लहान शीड काढून देत. एखादा तगडा गडी हिरमुसला तर म्हणत की मोठे शीड वारा जास्त धरते आणि नवख्या माणसाला घेऊन पडते. वारा काठाकडून आत वाहू लागला की त्या दिवशी शिकवणी बंद. आधी माझ्यावर गुडघे टेकवून बसायचे, मग उभे राहायचे, मग दोरीने शीड उचलायचे, तेही पाठीने नव्हे, पायांच्या जोराने. अशी अकरा वर्षे मी माणसे उभी केली. एक शिंपी उभा राहिला, दुखऱ्या गुडघ्याची एक मास्तरीण उभी राहिली, माझ्यावरसुद्धा भांडणाऱ्या दोन बहिणी उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी काका मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवत.

मग काकांचा खांदा गेला. केंद्राचा कारभार पुतण्याकडे आला. त्याला सगळे हिरो म्हणत आणि त्याला ते आवडे. त्याने अरुंद, टोकदार, चकचकीत बोर्ड आणले. ते वाईट नव्हते, पण मुरलेल्या माणसांचे होते. मला त्याने शेडमागे चार विटांवर टाकले.

विटांवर माझी उंची नेमकी ओट्याएवढी झाली. हे केंद्राच्या खानावळवाल्याने हेरले. तो माझ्यावर मासे साफ करू लागला. मित्रांनो, हे सांगतानाही मला शिसारी येते. ज्या रबरावर माणसांनी जीव मुठीत धरून पहिले पाऊल टाकले, त्यावर खवले चिकटली, रक्त वाळले. आतडी सुरीने सरकवून तो माझ्या पोटाच्या खाचेत ढकलायचा, कारण बादली आणायचा कंटाळा. ती तिथे उन्हात सडायची. माश्या घोंघावायच्या. रात्रभर दव पडले की सगळे बुळबुळीत व्हायचे आणि सकाळी पुन्हा त्यावर ताजा थर. काका पंधरा पावलांवर खुर्ची टाकून चहा प्यायचे. एकदा वास त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवली. मला खानावळवाल्याची किळस आली होतीच. त्या दिवशी काकांचीही आली.

एके सकाळी एक परिचारिका आली. वय पंचेचाळिशीच्या पुढे. वीस वर्षे इस्पितळात लोकांची उस्तवार केली, आता पंधरा दिवसांची रजा फक्त स्वतःसाठी, असे तिने हिरोला सांगितले. सगळे तिला सिस्टर म्हणू लागले. शेडमागे ती मला पाहून थबकली. नवख्याला रुंद बोर्ड बरा, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिने माझ्यावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. बोटांना खवले लागली होती. इस्पितळात काय काय पाहिलेली बाई ती, पण तिचा चेहरा वाकडा झाला. हिरो हसून म्हणाला की ते भंगार आहे, तुम्हाला शोभेल असे देतो. तिला त्याने सर्वांत अरुंद बोर्ड आणि सर्वांत मोठे, लाल शीड दिले. त्या शिडासोबत फोटो चांगला येतो, एवढेच त्याला ठाऊक होते.

वारा काठाकडून आत वाहत होता. काकांनी झाडाच्या शेंड्याकडे पाहिले, बोर्डाकडे पाहिले आणि कपात नजर घातली.

सिस्टर गुडघ्यावर बसली की बोर्ड कलंडे. पुन्हा चढे, पुन्हा पडे. त्या चढण्या-पडण्यात वारा तिला आत नेत होता, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा काठ फार लांब गेला होता. ती जिथे पोचली, तलावाच्या त्या कोपऱ्यात गावाचा नाला मिळतो. तिथे हिरवी साय, पिशव्या आणि पाणवेलींचे जाळे. बोर्डाचे शेपटाखालचे पाते वेलींत अडकले, बोर्ड उलटला, शीड तिच्या डोक्यावर पडले. अंगात तरंगणारे जाकीट होते म्हणून ती बुडाली नाही, पण पाय वेलींत गुरफटले आणि लाटेगणिक घाण पाणी तोंडात जाऊ लागले. मोटरबोट महिनाभर नादुरुस्त होती. हिरो काठावर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिला.

काका उठले. त्यांनी मला विटांवरून ओढले. वर कापलेले मासे होते, ते तसेच चिखलात पडले. खानावळवाला ओरडला, काकांनी वर पाहिलेसुद्धा नाही. मला पाण्यात लोटून ते माझ्यावरच्या त्या घाणीत पोटावर आडवे झाले आणि एका धड खांद्याने पाणी मागे ढकलू लागले. वारा पाठीशी होता. माझ्या खाचेतून सडकी आतडी पाण्यात सुटत होती आणि मी पुढे जात होतो.

काकांनी शीड बाजूला सारले, वेली तोडल्या आणि तिला माझ्यावर ओढून घेतले. तिचा गाल खवलांवर टेकला. तिला उलटी झाली, तीही माझ्यावरच. मला मुळीच किळस वाटली नाही. दोघांचे वजन घेऊन मी पलीकडच्या चिखलाला लागलो.

तिथे धाप ओसरल्यावर काका म्हणाले, "मी सकाळी तिथंच बसलो होतो. तुम्हाला काय दिलं ते पाहिलं. वारा पाहिला. पुतण्याच्या घरात राहतो, म्हणून गप्प बसलो."

सिस्टरने पायाला गुंडाळलेली वेल ओढून फेकली. मग म्हणाली, "माझ्या वॉर्डात असं कुणी गप्प बसलं असतं तर मी त्याला परत आत येऊ दिलं नसतं."

काकांनी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "पण मला शिकायचंय. उद्या याला दोघं मिळून धुऊ."

दोन दिवस त्यांनी मला घासले. खाचेत काठीला फडके बांधून घातले, साबण ओतला, पुन्हा घासले. सिस्टरने हातमोजे आणले होते आणि काकांच्या हाताखालून एक कोपरा सुटला तरी ती बोट दाखवून पुन्हा घासायला लावायची. हिरोने झाल्या प्रकाराबद्दल तो चकचकीत बोर्ड रजाभर फुकट देऊ केला. ती म्हणाली, "ज्यावर उभं राहता येत नाही, ते फुकट घेऊन करू काय?" त्याच हिरोने माझ्या धुतलेल्या अंगावर हात ठेवून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि खाली लिहिले की इथे सुरक्षित शिकवले जाते. खवलांपेक्षा त्या हाताची मला जास्त घाण वाटली.

रजेच्या अकराव्या दिवशी, लहान शीड आणि मंद वारा असताना, सिस्टर माझ्यावर उभी राहिली. वीसेक हात गेली आणि पडली. वर येऊन हसली.

आता काका दारात उभे असतात आणि वारा काठाकडून आत वाहत असला की पुतण्याच्या तोंडावर माणसांना परत पाठवतात. घरात दोघांचे बोलणे बंद आहे. उन्हाळ्यात माझ्या खाचेतून अजून माशांचा वास येतो.

मित्रांनो, हा खेळ शिकायला जाल तेव्हा दिमाखदार दिसणारे मागू नका, तुम्हाला पेलणारे मागा. खेळून झाले की वस्तू धुऊन ठेवा, दोन बादल्या पाणी पुरते. आणि मोठे होऊन जाणते व्हाल तेव्हा कुणाच्या हाती चुकीची वस्तू जाताना दिसली, तर कप खाली ठेवा आणि बोला.