परीक्षेचं गिऱ्हाईक

"काका, मास्क खाली घ्यायचा नाही. आणि दाढी करताना बोलायचं नाही हं, गुण जातात," परीक्षक संयोगिता मॅडम गोड आवाजात जोतिबाला म्हणाल्या.

बाकी सगळी तयारी त्याने केली होती. नवं ब्लेड, पांढरा अ‍ॅप्रन, हातमोजे, जंतुनाशकाची बाटली. पलूसच्या बाजारातली त्याची टपरी हटणार होती आणि नव्या संकुलातला गाळा प्रमाणपत्र असलेल्या कारागिरालाच मिळणार होता. म्हणून तर साठी ओलांडलेला हा गडी सांगलीला परीक्षेला बसला होता. पण न बोलता दाढी? अलीकडे त्याचा हात थरथरायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा ऊस अजून फडात उभा आहे, असं सांगत सुटलं की मात्र तो थरथरणं विसरून जायचा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक आपलं आपणच आणायचं होतं. खुर्चीत मानसिंग बसला होता. शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. रोज दाढीला आला की त्याचं एकच पालुपद, "गप की रं जरा. कान किटलं."

आज जोतिबा खरंच गप होता. मास्कमधल्या वाफेने चष्मा धुरकटला होता, हातमोज्यातली बोटं परक्याची वाटत होती. गाल निभावले. हनुवटीशी आल्यावर हात हलला, तसं मनातल्या मनात चांगभलं म्हणत त्याने काम कसंबसं संपवलं आणि चेहरा टिपला.

मानसिंग ताडकन उठला आणि हनुवटी मुठीत धरून उभा राहिला. मॅडमनी दोन्ही गाल निरखले.

"छान झालीय. हात का असा धरलाय?"

"दाढ ठणकतीया, मॅडम."

परतीच्या एसटीत जोतिबाचं तोंड सुटलं. प्रमाणपत्र मांडीवर घेऊन तो नव्या गाळ्याला कुठला रंग द्यायचा ते सांगत होता. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि मानसिंगने पुढची दांडी धरायला हात काढला. हनुवटीवर लांबट चीर होती.

"आरं... ही मी केली?"

"आसू दे की. पास झालास न्हवं?"

"वस्तरा लागला आन् मला दिसलंबी न्हाई!"

जोतिबाने पिशवीतून तुरटी काढून जखमेवर फिरवली. झोंबली असणारच, पण सुभेदाराने पापणी हलवली नाही. जोतिबाचे डोळे भरून आले. "कागद मिळाला आन् हात गेला, गड्या. आता न्हाई धरायचा मी वस्तरा."

मानसिंगने त्याच्या हातातली तुरटी घेऊन पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिबाने टपरी उघडली ती सामान आवरायला. मानसिंग आला, खुर्चीत बसला आणि खपली धरलेली हनुवटी त्याने वर केली.

"दुसरीकडं जा रं," जोतिबा म्हणाला.

"फेस लाव."

ब्रश फिरला. वस्तरा उचलला तसा जोतिबाचा हात थरथरू लागला. मानसिंगने निवांत डोळे मिटले.

"बोल की रं गड्या," तो म्हणाला. "कुणाची म्हैस व्याली?"