डावा गाल

सातही बायकांनी भट्टीतून काढलेली मातीची शिट्टी डाव्याच गालाला लावली, तेव्हा हा सगळा देखावा असल्याचा माझा संशय पक्का झाला. जिवंत परंपरेत एखादी तरी चुकून उजव्या गालाला लावते.

"प्राचीन विधी," कार्यशाळेचा प्रमुख ग्लेब पर्यटकांना सांगत होता, "मातीला माणसाची ऊब परत देण्याचा." वाक्य माझंच होतं, चाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या प्रबंधातलं. ही प्रथा अस्सल आणि अखंड असल्याच्या दाखल्यावर आता त्याला माझी सही हवी होती. त्याशिवाय प्रांताचं अनुदान मिळणार नव्हतं आणि भट्टी विझणार होती.

खिडकीपाशी म्हातारी उस्तिन्या सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. माझ्या प्रबंधात जिच्यावर लिहिलं होतं, ती थोर कारागीर हिचीच आई.

"तुम्ही का नाही लावत गालाला?" मी विचारलं.

"माझे दात धड आहेत, पोरी."

"म्हणजे?"

"तू आलीस तेव्हा आईची दाढ ठणकत होती. गरम शिट्टीनं शेकत होती बिचारी. तू भराभरा लिहून घेतलंस. आई म्हणाली, शहरातली शिकलेली बाई आहे, तिला कशाला खोटं पाडायचं?"

मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. विक्रीच्या फळीवरचं, त्या प्रबंधाचंच छापलेलं माझं पुस्तक उघडून तिच्या आईचं छायाचित्र पाहिलं. हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल. खाली माझ्याच शब्दांत: 'विधीप्रसंगीचे शिरोवस्त्र'. डावा गाल सुजलेला होता. सूज मला तेव्हाही दिसली असणार. मी तिला अर्थ दिला होता.

या वाक्यांवर मला पदवी मिळाली होती. दुसऱ्यांचे असे प्रमाद मी आयुष्यभर तळटीपांत सोलून काढले.

"सही कर," उस्तिन्या हळूच म्हणाली. "सात जणींच्या चुली आहेत. शिट्ट्या तर खऱ्या आहेत ना? वाजवून बघ."

मी वाजवली. खरी होती.

दाखल्यावरचे 'प्राचीन' आणि 'अखंड' हे शब्द मी खोडले आणि लिहिलं: 'शिट्ट्या हस्तनिर्मित आहेत. गालाची प्रथा चाळीस वर्षांची असून, दाढदुखीवरून ती मी निर्माण केली.' खाली पूर्ण नाव, पदवीसह.

ग्लेबनं ते दोनदा वाचलं. "अनुदान मिळेल यावर?"

"शिट्ट्यांसाठी मिळायला हवं."

त्यानं पुस्तकातलं ते छायाचित्र निरखलं. मग बायकांकडे वळून म्हणाला, "उद्यापासून रुमालही बांधा गं."